सोडविणे आणि सोडणे

छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर गोदावरीच्या काठी पैठण वसले आहे. सातवाहनांची राजधानी असलेले हे प्राचीन प्रतिष्ठान जैन समाजाला परिचित आहे ते विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांच्या अतिशय क्षेत्रामुळे. येथील कृष्णवर्ण मूर्ती वालुकामय असून ती रामायणकाळातील आहे, अशी परंपरेची श्रद्धा आहे. शनि-अमावास्येला दूरदूरचे यात्रेकरू येथे येतात, दर्शन घेतात आणि मूर्तीखालच्या लांछनापुढे मस्तक टेकवितात. ते लांछन आहे कासव.

कासवाला मान देणारी ही एकच परंपरा नव्हे. वेरूळच्या कैलास लेण्यातील नदीदेवतांच्या मंदिरात यमुना कासवावर उभी आहे. महाराष्ट्रातील असंख्य देवळांत सभामंडपाच्या फरशीवर दगडी कासव कोरलेले असते आणि गाभाऱ्याकडे जाणारा भाविक त्याला ओलांडत नाही, त्याला नमस्कार करून पुढे होतो. दगडातल्या कासवाला मिळणारा हा आदर जिवंत कासवाच्या वाट्याला किती येतो, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो. कारण शहरातील अनेक घरांत आज कासव आहे ते काचेच्या पेटीत. ते कोणी मुलाच्या वाढदिवसाला आणलेले असते, कोणी वास्तुदोष जावा म्हणून ठेवलेले असते, तर कोणी दुकानातल्या गर्दीत गुदमरणारा जीव पाहून कळवळ्याने सोडवून आणलेले असते. तिन्ही घरांतील भावना निराळ्या आहेत, परंतु कासवाच्या वाट्याला येणारे जीवन बहुधा एकच असते.

कासवाविषयी पहिला गैरसमज त्याच्या पाठीपासून सुरू होतो. कवच हे त्याचे घर आहे आणि तो त्यात राहतो, असे लहानपणापासून सांगितले जाते. वस्तुतः कवच हा त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या पसरून, एकमेकांशी जुळून ती ढाल बनलेली असते. त्या हाडांत रक्त वाहते आणि स्पर्श त्याला कळतो. म्हणून कवचावर रंग लावणे, भोक पाडून दोरी ओवणे किंवा शोभेसाठी खडे चिकटविणे हे कोणाच्या वस्त्रावर नव्हे, अंगावर केलेले कृत्य असते. दुसरा गैरसमज असा, की कासव काही मागत नाही, म्हणून त्याला काही लागत नाही. ते ओरडत नाही, चावा घेण्यासाठी धावत नाही, दाराशी येऊन रडत नाही. त्याचे दुःख डोळ्यांच्या सुजेत, मऊ पडलेल्या कवचात, न उघडणाऱ्या तोंडात हळूहळू दिसू लागते. ते दिसेपर्यंत पुष्कळदा काही महिने उलटून गेलेले असतात.

मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द अनेक निराळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. मराठवाड्यातील तळी, कालवे आणि ओढे यांत सर्वाधिक आढळणारे कासव म्हणजे फ्लॅपशेल. त्याच्या पाठीवरील आवरण मऊ कातड्याचे असते आणि पोटाखाली मागील पाय झाकणाऱ्या दोन झडपा असतात. गोगलगायी, कीटक, बेडकांची पिले, मासे, पाणवनस्पती आणि मेलेले प्राणी हे त्याचे अन्न. तळे आटले की ते चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट पाहते. गोदावरी, कृष्णा यांसारख्या दख्खनच्या मोठ्या नद्यांत लीथचे मऊ कवचाचे कासव आढळते. मुंबईतील डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव त्याला मिळाले असून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८७२ मध्ये झाले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत आज ते ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. या नद्यांखेरीज जगात अन्यत्र त्याचे घर नाही.

ज्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात ते स्टार कासव मात्र जमिनीवर राहणारे आहे. त्याचे मूळ वसतिस्थान गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिण भारतातील आंध्र, कर्नाटक व तमिळनाडू येथील माळराने आणि श्रीलंका. मराठवाड्यातील एखाद्या दिवाणखान्यात ते दिसले, तर ते कोणीतरी कोठून तरी पकडून आणलेले असते. त्याची चोरटी पकड किती मोठ्या प्रमाणावर चालते, याचा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून येतो. भारतातील केवळ एका व्यापारकेंद्रातून वर्षभरात किमान ५५,००० स्टार कासवे पकडली जातात, असे त्यात आढळले. २०१९ मध्ये या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराने सर्वाधिक कडक बंदी घातली. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत गेले. फ्लॅपशेल त्या अनुसूचीत पूर्वीपासूनच आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाल्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. देवघरात ठेवले होते, प्रेमाने सांभाळले होते, किंवा कोणी भेट दिले होते, हे बचाव कायद्यापुढे टिकत नाहीत.

याला अंधश्रद्धेची जोडही आहे. विशिष्ट संख्येची नखे असलेले कासव विधीत वापरले की पैशांचा पाऊस पडतो, अशी थाप मारून महाराष्ट्रात अनेकांना लुबाडले गेले आहे. अशा व्यवहारात कासवाची सुटका क्वचितच होते. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. परंतु मूळ उपाय सोपा आहे. कासवाच्या नखांत धन नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगितले तरी पुष्कळ होईल.

मग शहरातील मत्स्यालयाच्या दुकानांत उघडपणे विकले जाणारे ते इवलेसे हिरवे कासव कोणते? डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हे ‘रेड-इअर्ड स्लायडर’ उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. ते भारतीय नसल्यामुळे देशी कासवांना मिळणारे संरक्षण त्याला नाही आणि म्हणून ते सहज मिळते. दुकानात ते तळहातावर मावते. दुकानदार सोबत प्लास्टिकचे भांडे देतो, त्यात प्लास्टिकचे एक झाड असते. ते एवढेच राहील, असे घेणाऱ्याला वाटते. परंतु पूर्ण वाढलेल्या मादीचे कवच पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब होते आणि तिचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते. जाणकार पाळणारे कवचाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे चाळीस लिटर पाणी असा ठोकताळा धरतात. म्हणजे दहा इंचांच्या एका कासवाला चारशे लिटरची टाकी, पाणी गाळण्याचे यंत्र, अंग शेकण्यासाठी कोरडा ओटा, उष्णता देणारा दिवा आणि शिवाय अतिनील किरणांचा दिवा लागतो. हा दिवा चैनीचा नसतो. त्या किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत बसत नाही आणि कवच मऊ, वेडेवाकडे होऊ लागते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन येथे उपयोगी पडत नाही, कारण काच तेच किरण अडविते.

जैन घरापुढे यापेक्षाही अवघड असा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो कासव आणताना सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्लायडर शाकाहारी नाही. वय वाढेल तसा त्याच्या आहारात वनस्पतींचा वाटा वाढतो, परंतु लहानपणी तो प्रामुख्याने कीटक, गोगलगायी आणि लहान मासे यांवर वाढतो. दुकानातील खाद्याच्या गोळ्यांतही बहुधा माशांची भुकटी असते. ज्या घरात सूर्यास्तानंतर अन्न शिजत नाही, पाणी गाळून प्यायले जाते, त्या घरात हे खाद्य कोणी आणायचे? व्यवहारात असे होते, की कासवाला भात, पोळीचे तुकडे, पाव किंवा दूध दिले जाते. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. परंतु त्या अन्नावर ते जगत नाही, सावकाश झिजते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी पापण्या सुजून डोळे मिटतात, आणि दिसेनासे झाल्यावर ते समोरचे अन्नही घेत नाही.

येथे शास्त्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जीवाला बांधून ठेवणे हा त्यांतील पहिला आणि त्याचे अन्नपाणी अडविणे हा शेवटचा. आचार्यांच्या डोळ्यांपुढे त्या काळचे बैल, घोडे, सेवक असतील, परंतु काचेची पेटीही बंधनच आहे आणि ज्याचे अन्न जे नव्हे ते त्याच्यापुढे ठेवणे हेही एका अर्थाने अन्न अडविणेच आहे. वनस्पतींवर जगणारे स्टार कासव घरात ठेवणे कायद्याने गुन्हा ठरते, आणि जे बाजारात मिळते ते वनस्पतींवर वाढत नाही. अशा स्थितीत व्रतधारी कुटुंबाला कासव पाळण्याचा निर्दोष मार्ग जवळजवळ उरत नाही. हा निष्कर्ष कटू असला तरी तो दुकानात जाण्यापूर्वी कळलेला बरा.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तो समाजाच्या एका सुंदर परंपरेशी निगडित आहे. पर्युषणात, जन्मकल्याणकाला, आप्तांच्या स्मरणार्थ जीव सोडविण्याची प्रथा फार जुनी आहे. कसायाच्या दारातून बोकड सोडवून पांजरापोळात पोहोचविणे, हा तिचा मूळ नमुना. त्यात सोडविलेल्या जीवाची पुढील सोय आधी पाहिलेली असते. पांजरापोळ नावाची संस्था उभी राहिली ती त्यासाठीच. कासवांच्या बाबतीत मात्र दुकानातून विकत घेणे आणि तळ्यात सोडणे, एवढ्यावर काम पूर्ण झाले असे मानले जाते. हर्सूलचा तलाव, सलीम अली सरोवर, एखाद्या मंदिराचे कुंड किंवा थेट पैठणचा नाथसागर, जेथे पाणी दिसेल तेथे.

त्यानंतर काय घडते, हे सोडणारा पाहत नाही. दुकानात वाढलेली अनेक पिले नव्या पाण्यात तग धरत नाहीत. जी जगतात ती देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतात. दुकानातील कोंदट पाण्यात जडलेले रोगही ती बरोबर नेतात. जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर परकी जीवजातींच्या यादीत स्लायडरचा समावेश आहे तो यामुळेच. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच्या भाऊबंदांपैकी पिवळ्या पट्ट्याची कासवे विकावयास आणली. पुढे २०१६ मध्ये साऱ्या जातीलाच परकी उपद्रवी जातींच्या यादीत घालावे लागले. व्यापार मागणीवर चालतो, एवढाच या घटनेचा बोध. दुकानदाराला घेणाऱ्याचा हेतू दिसत नाही, रिकामी झालेली टाकी दिसते. वीस कासवे दयेपोटी विकली गेली की पुढल्या आठवड्यात तो तीस मागवितो. सोडविणाऱ्याच्या पैशाने नवी पकड होते आणि पुण्याच्या खात्यात मांडलेली रक्कम प्रत्यक्षात दुसऱ्याच वहीत जमा होते.

जप्त झालेली देशी कासवेसुद्धा वनविभाग लगेच रानात सोडत नाही. त्यांची तपासणी होते, काही काळ ती वेगळी ठेवली जातात, मूळ प्रदेश कोणता याचा विचार होतो. तज्ज्ञांना जे काम महिनोन्‌महिने लागते ते एका सकाळी तळ्याच्या पायरीवर उरकता येणार नाही, हे उघड आहे.

मग ज्यांच्या घरी स्लायडर आधीच आहे त्यांनी काय करावे? त्याला टाकून देणे हा मार्ग नव्हे. ज्याने एक जीव बंधनात घेतला, त्याच्यावर त्या बंधनाची जबाबदारी येते. मोठी टाकी, गाळणयंत्र, शेकण्याचा ओटा, अतिनील दिवा ही व्यवस्था करावी आणि दिवा उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा, कारण उजेड दिसत असला तरी त्यातील उपयुक्त किरण आधीच क्षीण होतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टाकी गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवू नये, पाणी तापून कासव दगावते. आहार सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्यांना विचारून ठरवावा. घरात तो देणे मनाला मान्य नसेल, तर ती व्यवस्था जेथे होऊ शकते अशा जबाबदार व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे कासव सोपविण्याची विचारणा करावी. तळ्यात मात्र सोडू नये. दुसरे कासव जोडीला आणू नये. हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक आहे. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात आणि लहान मुलांना त्यांची बाधा होते, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. घरात देशी कासव असेल, तर ते लपवून न ठेवता वनविभागाशी संपर्क साधावा.

रानातल्या कासवाला मदत करण्याचे प्रसंग वेगळे असतात आणि ते पावसाळ्यात वारंवार येतात. पहिल्या पावसानंतर चिखलातून बाहेर आलेले फ्लॅपशेल एका पाणथळीतून दुसरीकडे निघते आणि वाटेत डांबरी रस्ता येतो. अशा वेळी वाहन बाजूला थांबवून, मागची वाहने पाहून, कवचाच्या मागील भागाला दोन्ही बाजूंनी धरून ते उचलावे. ज्या दिशेला ते निघाले होते त्याच दिशेला रस्त्यापलीकडे ठेवावे. शेपटीने उचलू नये. त्याची मान लांब असते आणि भयाने ते चावू शकते. घरी आणू नये, दूरच्या ‘चांगल्या’ तळ्यात नेऊ नये. जमिनीवरचे कासव पाण्यात टाकण्याची चूक तर कधीच करू नये. स्टार कासवाला पोहता येत नाही. जखमी कासव आढळल्यास हवेशीर खोक्यात, सावलीत ठेवावे, फुटलेल्या कवचावर डिंक किंवा हळद लावू नये, खाऊ घालू नये, आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

विहिरीत कासव सोडण्याची खेड्यांतील पद्धतही पुन्हा तपासावी लागेल. कासव विहिरीचे पाणी स्वच्छ ठेवते, ही समजूत अगदीच निराधार नाही, कारण ते मेलेले जीव खाते. परंतु जुन्या बारवेला पायऱ्या असत, त्यावर येऊन ते ऊन घेई आणि बाहेरही पडू शके. सिमेंटच्या कड्यांच्या सरळ विहिरीत त्याला पायरी नाही, माती नाही, अंडी घालण्यास जागा नाही. तेथे ते वर्षानुवर्षे पोहत राहते. विहिरीत आधीच कासव असेल, तर वनविभागाला कळवून त्याला जवळच्या ओढ्याकाठी पोहोचविता येते. तोवर एक तिरपी फळी टेकवून ठेवली तरी त्याला टेकायला जागा मिळते.

मदत कशी असावी, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांसह ऑलिव्ह रिडले या सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री आणि माणसे उकरून नेत. आता मादीने घातलेली शंभरेक अंडी जाळीच्या कुंपणातील वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरली जातात. सुमारे पन्नास दिवसांनी पिले वर येतात, तेव्हा ती वाळूवर ठेवली जातात आणि स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जातात. त्यांना कोणी घरी नेत नाही, कोणी नाव ठेवत नाही. पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या निवासातून गावाला उत्पन्न मिळते आणि अंडी चोरणाऱ्या हातांना दुसरे काम मिळते.

गोदावरीकाठीही असे काही घडू शकते. मऊ कवचाची कासवे नदीकाठच्या वाळूत आणि मातीत अंडी घालतात, आणि वाळूचा उपसा झाला की पुढची पिढी ट्रकमध्ये भरून निघून जाते. सोडून दिलेल्या फाटक्या जाळ्यांत अडकलेले कासव श्वासासाठी वर येऊ न शकल्याने बुडून मरते. संघाच्या जीवदया निधीतून दरवर्षी होणारी खरेदी थांबवून तीच रक्कम मान्यताप्राप्त उपचारकेंद्रातील दिव्यांना, औषधांना, पशुवैद्यांच्या प्रवासखर्चाला देता येईल. युवक मंडळाला वनविभागाच्या अनुमतीने नदीकाठची जुनी जाळी गोळा करता येतील. पाठशाळेत मुनिसुव्रतनाथांचे लांछन शिकविताना गोदावरीतील खऱ्या कासवाचे चित्रही मुलांना दाखविता येईल.

श्वेतांबर परंपरेच्या ज्ञाताधर्मकथा या आगमात दोन कासवे आणि दोन कोल्हे यांची कथा येते. एका कासवाने उतावीळपणे पाय बाहेर काढले आणि ते कोल्ह्यांच्या तोंडी गेले. दुसऱ्याने अंग आवरून धरले आणि ते सुखरूप पाण्यात परतले. कथा साधूंच्या इंद्रियसंयमासाठी सांगितली आहे. परंतु दुकानातील टाकीपुढे उभ्या असलेल्या, खिशाकडे हात जाऊ पाहणाऱ्या दयाळू गृहस्थालाही ती लागू पडते. तेथे आवरलेला हात एका कासवाला वाचवू शकणार नाही. त्यानंतर पकडल्या जाणाऱ्या कासवाला मात्र तो पाण्यातच राहू देईल.